राणीला हवी होती पाचशे काळिजं

ऑक्टोबर १८९६. मुंबईत एस्प्लनेडवर व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. एका सकाळी लोकांनी बघितलं तर राणीच्या तोंडाला डांबर फासलेलं. कुणी केलं ते तेव्हा काही सापडलं नाही. (पुढे दामोदर चापेकरांनी हे आपलंच काम असं आत्मवृत्तात लिहून ठेवलं.) पण शहरात कंडी पिकली ती अशी: राणी भयंकर चिडली आहे, या अपमानाची भरपाई म्हणून तिने मुंबईकरांची पाचशे काळिजं मागवली आहेत, आणि त्यासाठीच प्लेगचं निमित्त काढून माणसं उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात नेतात. जोडीला मोमियाईची जुनी गोष्ट होतीच. म्हणजे माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातून औषधी तेल काढतात, ती. आपल्या पणज्या पोरांना गप्प बसवायला जी भीती घालायच्या तीच आता म्युनिसिपालटीच्या इस्पितळाला येऊन चिकटली.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला जवळपास हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले.

आता यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. पहिली, 'अडाणी लोक, दुसरं काय!' दुसरी, 'इंग्रज होतेच तसे, लोकांचं काय चुकलं?' अफवा, कटाच्या कहाण्या, सरकारवर नसलेला विश्वास यावर आज चर्चा निघाली की तीही याच दोन खुंट्यांना बांधली जाते. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा.

आधी इस्पितळात काय चाललं होतं ते बघू. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस नावाचे मूळचे गोव्याचे डॉक्टर दवाखाना चालवायचे. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग असल्याचं ओळखलं आणि जाहीर सांगितलं. मांडवी म्हणजे धान्याची वखार, बंदराला लागून. तिथे उंदीर मरून पडत होते हे लोकांना दिसत होतं. सुरुवातीला सरकारी मंडळी हे मानायलाच तयार नव्हती, कारण प्लेग म्हटला की परदेशी बंदरं मुंबईच्या जहाजांना दार लावणार, व्यापार बसणार. म्हणजे पहिली लपवाछपवी वरून झाली, हे लक्षात ठेवा.

मग मान्य करावं लागलं, आणि मान्य केल्यावर एकदम दुसरं टोक. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी फर्मान काढलं: रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांची इच्छा असो वा नसो. घर रिकामं करायचं, धुवायचं, सामान जाळायचं. राहायला नालायक ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जायची. ज्यांचं घर त्यांना ती वाचता येत नव्हती.

त्या काळी प्लेगवर औषध नव्हतं. इस्पितळात उशिरा पोचलेले बहुतेक लोक मरायचेच. आता त्या चाळीतल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. शेजारचा माणूस तापाने पडला. पोलीस आले, डोलीत घालून घेऊन गेले. बायकोला आत येऊ दिलं नाही. जातीचं, पंगतीचं, शिवाशिवीचं काय झालं ठाऊक नाही. चार दिवसांनी तो मेल्याचं कळलं. प्रेताचीही तपासणी झाली. अशी चार-पाच माणसं गेली आणि एकही परत आलं नाही, तर तुम्ही काय निष्कर्ष काढाल? इस्पितळात माणसं मारतात हा निष्कर्ष चुकीचा आहे, पण तो हवेतून आलेला नाही. समोर जे दिसत होतं त्यावरूनच काढलेला आहे. चुकला तो फक्त कारणात.

स्नोसाहेबांना हे कळलं, पण वेगळ्या वाटेने. शहर साफ ठेवणारे हलालखोर आणि बिगारी घाबरून पळून जाण्याच्या बेतात होते. ते गेले असते तर मुंबई घाणीत बुडाली असती. लोक मोठ्या संख्येने शहर सोडतच होते. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. शेवटी ऑक्टोबर संपता संपता फर्मान सैल केलं: घरीच वेगळं ठेवण्याची सोय असेल तर रोग्याला हलवणार नाही. कामगारांचा दगड आणि सफाईवाल्यांची पळण्याची तयारी, या दोन अर्जांवर सरकारने ताबडतोब निर्णय दिला. रीतसर दिलेल्या अर्जांना इतक्या लवकर उत्तर आलं असतं का, याची मला शंका आहे.

पण कलकत्त्याला बसलेल्या सरकारने यातून धडा घेतला तो उलटा. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा मंजूर झाला. मांडल्यापासून आठवडाभरात. इनमिन चार कलमं. पहिलं नावगावाचं. दुसऱ्यात सरकारला वाटेल ते करण्याची मुभा: प्रवाशांची तपासणी, रोग्यांचं विलगीकरण, सगळं. तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. आणि चौथ्यात असं, की या कायद्याखाली सद्हेतूने काही केलं तर त्याबद्दल कुणावरही दावा लावता येणार नाही. सद्हेतू कुणी ठरवायचा? ते लिहिलेलं नाही.

या कायद्याच्या जोरावर वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात आला. पुण्याचा इतिहास बहुतेकांना शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे सगळा परत सांगत नाही. १३ मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत सैनिकांकडून घरझडत्या झाल्या. देव्हाऱ्यात, स्वयंपाकघरात बूट घालून शिरणं, जमिनी उकरणं, चीजवस्तू रस्त्यावर आणून जाळणं, काखा-जांघा तपासण्यासाठी बायकांना चारचौघांत उभं करणं. टिळकांचं या काळातलं वागणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ते पुण्यात राहिले, हिंदूंसाठी वेगळं प्लेगचं इस्पितळ काढलं, विलगीकरण गरजेचं आहे हे लोकांना सांगत राहिले, शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना झोडलं, आणि त्याच वेळी सोजिरांच्या वागणुकीवर केसरीतून तुटून पडले. प्लेग खोटा आहे असं ते म्हणत नव्हते. उपाय करा, पण माणसासारखे करा, एवढंच म्हणत होते.

झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आल्या आणि त्यांनाच लागण झाली. तोही प्लेगचा दवाखानाच होता. तिथेही रोगी मरत असणार, औषध तर कुणाकडेच नव्हतं. पण तिथे काळिजं काढतात अशी कुणी अफवा उठवल्याचं माझ्या वाचनात नाही. रोग्याला पाठीवर घेऊन येणारी बाई कोण आहे हे लोकांना माहीत होतं.

आता थोडं तक्रारींबद्दल, कारण अविश्वास कसा पिकतो ते इथे नीट दिसतं.

पंडिता रमाबाईंनी पुण्यातल्या प्लेग इस्पितळात आपल्या शारदा सदनाच्या मुलींना काय अनुभव आला त्याबद्दल मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र छापलं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, पुण्याच्या सनातन्यांशी त्यांचं हाडवैर, म्हणजे 'ब्राह्मणी कारस्थान' म्हणून त्यांना झटकून टाकणं शक्य नव्हतं. तरी गव्हर्नर सँडहर्स्टनी त्यांचं म्हणणं साफ चुकीचं ठरवून मोकळं केलं. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. त्यांना पुण्याहून मित्रांची पत्रं आली: सैनिकांनी दोन बायकांवर अत्याचार केले, त्यातल्या एकीने जीव दिला. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं. पार्लमेंटात गदारोळ. पुरावा द्या, अशी मागणी झाली.

पुरावा कुठून आणणार? १८९७ सालच्या पुण्यात कोणतं घर पुढे येऊन म्हणेल, हो, आमच्या सुनेच्या बाबतीत घडलं? आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगावीत तर तोवर रँडचा खून होऊन पुण्यात धरपकड सुरू झालेली. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. बोटीतून उतरल्यावर त्यांनी बिनशर्त माफी मागितली, ती वर्तमानपत्रांत छापून आली. स्वकीयांनी त्यांना त्यावरून आयुष्यभर टोचलं. इकडे रँडच्या अहवालात समाधानाने नोंदवलेलं आहे की स्त्रियांची अब्रू जाणूनबुजून घेतल्याची एकही विश्वसनीय तक्रार समितीकडे आली नाही.

'विश्वसनीय' या शब्दावर जरा थांबा. विश्वसनीय काय ते रँडने ठरवायचं, रँडच्याच माणसांविरुद्ध. ती दोन प्रकरणं खरी होती का, हे आज कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण जिथे रमाबाई खोट्या ठरतात आणि गोखल्यांना माफी मागावी लागते, तिथे सामान्य माणसाने तक्रार कुठे करायची? तो करत नाही. तो पारावर, विहिरीवर, भाजी निवडताना बोलतो. लेखी तक्रार बंद झाली की बोलाचाली वाढतात, आणि बोलताना दोनाचे दहा होतात. अफवेला अडाणीपणा लागतोच असं नाही. खऱ्या गोष्टीला कुठे नोंद मिळाली नाही तरी ती पिकते.

२२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत मेजवानी. परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

आणि इथून पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात फारसा येत नाही. आता कटाच्या कहाणीवर विश्वास ठेवायची पाळी सरकारची होती! पुण्याच्या ब्राह्मणांनी, पेशवाई परत आणायला टपलेल्या टोळीने, वर्तमानपत्रांनी, उत्सवांनी मिळून रचलेला हा महाकट आहे, अशी साहेबांची खात्री पटली. अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांनी ती आणखी फुगवली. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांकडूनच वसूल केला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तोही खुनाच्या आठवडाभर आधीच्या केसरीतल्या शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावरून. ज्युरीत सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी लागली. सरदार नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली उचललं आणि खटला न चालवता डांबून ठेवलं. यातल्या बाळासाहेब नातूंनी प्लेगच्या दिवसांत सैनिकांच्या वागणुकीविरुद्ध रीतसर तक्रारी केल्या होत्या. म्हणजे बघा, रीतसर तक्रार करणाऱ्याचं काय होतं तेही पुण्याने पाहिलं.

शेवटी उघडकीला काय आलं? तीन भाऊ आणि त्यांचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके साथीदार. पेशवाईचा महाकट कुठे सापडला नाही. पाचशे काळिजं आणि पेशवाईचा महाकट, या दोन्ही गोष्टींची बांधणी एकच आहे: भीती खरी, निष्कर्ष खोटा. फरक इतकाच की काळजाच्या अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याच्या हातात दगड होता आणि महाकटावर विश्वास ठेवणाऱ्याच्या हातात तुरुंगाच्या किल्ल्या.

याहून मोठी गंमत शास्त्राची आहे. (गंमत म्हणायला जीभ रेटत नाही खरं तर.) रँड आणि मंडळी जे करत होते ते निदान वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं, लोकच आडवे येत होते, असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. सरकारी डॉक्टरांचा भर घाण, दमट जमीन, कोंदट हवा आणि माणसाचा स्पर्श यांवर. म्हणून जमिनी उकरा, भिंतींना चुना मारा, कपडे जाळा, माणसं हलवा. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरची पिसू चावल्याने प्लेग पसरतो. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनला ते पटलं नाही. दहाएक वर्षांनी मुंबईतच झालेल्या संशोधनातून तेच सिद्ध झालं.

म्हणजे १८९७ सालच्या पुण्यात रोगाबद्दलची लोकांची समजूत चूक होती आणि सरकारचीही बरीचशी चूकच होती. उंदीर पडायला लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, ही खेड्यातली जुनी शहाणीव मात्र उपयोगाची होती. पण ती सरकारी अहवालातल्या पुराव्यात बसत नव्हती.

जबरदस्तीचं काय झालं पुढे? ती हरली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्यात विणकर मुसलमानांच्या वस्तीत बारा वर्षांच्या एका मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली. १९०० साली कानपूरला तेच झालं. हळूहळू सरकारने हात आखडता घेतला. जातीजमातींना आपापली इस्पितळं काढू दिली, घरच्यांना रोग्याजवळ बसू दिलं, झडत्यांना सैनिक पाठवणं कमी केलं. आणि तेव्हा लोक थोडेथोडे यायला लागले.

लशीचंही तसंच. वाल्देमार हाफकिन या रशियन ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. दुसरी-तिसरी चाचणी नोकरावर किंवा गरीब रोग्यावर नाही, आधी स्वतःवर. विशीही न ओलांडलेल्या आगाखानांनी खोजा समाजासमोर जाहीरपणे टोचून घेतलं, आणि त्यांचे अनुयायी पुढे आले. १८९८ मध्ये हुबळीत हजारो लोकांनी लस घेतली. अफवा होत्याच. पंजाबातल्या प्लेगच्या अहवालात त्या नोंदवल्यात: सुई हातभर लांब असते, टोचल्यावर माणूस लगेच मरतो किंवा सहा महिन्यांनी तरी नक्की मरतो, पुरुष नामर्द होतात, बायका वांझ होतात, आणि खुद्द डेप्युटी कमिशनर साहेब टोचून घेऊन अर्ध्या तासात तडफडून मेले!

वांझ होण्याची ही अफवा ओळखीची वाटली ना? शंभर वर्षांनी उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसाबद्दल हीच होती. आणि मधल्या काळात, आणीबाणीत, सरकारने खरोखरच माणसं धरून नसबंद्या केल्या होत्या. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून जास्त. ज्याच्या बापाला धरून नेलं होतं त्याला 'सरकार असं कधी करत नाही' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण हाफकिनची गोष्ट अर्धवट राहिली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. अफवा पसरवणाऱ्यांना यापेक्षा काय हवं? सरकारने काय केलं तर चौकशी समिती नेमली, खापर परळच्या प्रयोगशाळेवर फोडलं, हाफकिनला पदावरून दूर केलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, ही माहिती असूनही. चौकशीचे कागद काही वर्षं दप्तरात राहिले. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. तोही मान वर करून 'चूक झाली' असं सरकारने म्हटलं म्हणून नाही. नाइलाज झाला म्हणून.

मुल्कोवालला काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे त्याच महिन्यात तिथल्या बोलीत गावोगाव सांगितलं असतं तर? माझा अंदाज आहे की नुकसान झालं असतं, पण थोडं. पाच वर्षं गप्प बसल्याने प्रत्येकाला आपापली गोष्ट रचायला भरपूर वेळ मिळाला. देशात या साथीने एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्यातली किती लस न घेतल्यामुळे गेली आणि त्यातल्या कितींनी ती अविश्वासापोटी नाकारली, याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. पण ती माणसं होती. अफवा पसरवणारेही त्यात मेले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारेही. अफवेला मी निर्दोष सोडत नाहीये, हे कुणी चुकीचं वाचू नये म्हणून मुद्दाम सांगतो. आज चुलतभावाच्या पोराला गोवराची लस देऊ नका म्हणून मेसेज फिरवणाऱ्याला मी हाताला धरून थांबवीन. फक्त थांबवताना त्याला मूर्ख म्हणणार नाही. आधी विचारीन, सरकारी दवाखान्यात शेवटचा गेलास तेव्हा तुझ्याशी कोण कसं बोललं?

राहता राहिला तो चार कलमांचा कायदा. रँड गेला, राणी गेली, साम्राज्य गेलं, कायदा राहिला. मार्च २०२० मध्ये तोच झटकून बाहेर काढला. तपासणीला गेलेल्या आरोग्य सेविकांवर, डॉक्टरांवर काही ठिकाणी हल्ले झाले, तेव्हा एप्रिलमध्ये वटहुकूम काढून त्यात भर घातली: आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. ती भर हवीच होती, त्या बायका उन्हातान्हात आपल्यासाठीच फिरत होत्या. चौथ्या कलमाला मात्र कुणी हात लावला नाही.